टिपणीसकाकांचा डावा हात

टिपणीसकाकांनी बाही वर सारली की नवखा माणूस दोन पावलं मागे सरायचा. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांच्या डाव्या हातावर जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं चौकोन आखलेले असत. प्रत्येक चौकोनात आकडा. एखादा चौकोन तेलकट, एखादा लालसर, एखाद्याचा पापुद्रा निघालेला. माझी आत्या पहिल्यांदा डोंबिवलीला आमच्याकडे आली तेव्हा तिला वाटलं, ह्या गृहस्थांना काहीतरी भयंकर रोग आहे आणि डॉक्टरांनी तो मोजून ठेवलाय. तिनं चहाची कपबशी त्यांच्या हातात दिली नाही. स्टुलावर ठेवली आणि स्टूल पायानं त्यांच्याकडे सरकवलं.

"रोग नाही, ताई," काका शांतपणे म्हणाले. "हा अकरा नंबर म्हणजे तुम्ही आत्ता तोंडाला लावलाय तो स्नो."

आत्या उठली आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

विनायक गणेश टिपणीस आमच्या चाळीत चौथ्या खोलीत राहत. आम्ही तिसऱ्या. मधली भिंत इतकी पातळ की त्यांना शिंक आली तर आई इकडून "सत्य आहे" म्हणायची. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. डोंबिवलीत तेव्हा स्टेशन सोडलं की भाताची खाचरं लागत. मी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि बांधाबांधानं अर्धा तास चालत जायची. वडील लवकर गेलेले, घरात आई आणि मी. काका कल्याणला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटलीत तांबडं मिक्श्चर भरायचं, बाटलीला डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची आणि खिडकीतून पेशंटच्या हातात द्यायची, हे त्यांचं काम. पण त्यांना विचारलं तर ते काम डाव्या हातावर चाललेलं असे.

त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते दिवसातून चार वेळा ऐकावं लागे.

"कातडी खाते हो. आपल्याला वाटतं कातडी म्हणजे भिंत. बाहेरचं बाहेर, आतलं आत. साफ चूक. कातडी खाते. तिला दात नाहीत म्हणून आवाज येत नाही, एवढंच."

त्यामुळे अंगाला लावायच्या प्रत्येक वस्तूला ते दोन प्रश्न विचारत: नाव काय, गाव काय? हळदीला नाव होतं, गाव होतं. खोबरेल पास. बेसन पास. स्नो, पावडर, क्रीम, सेंट हे सगळे नापास, कारण डबीवर बाईचं चित्र असे, गुलाब असे, आत काय आहे ते मात्र नसे. आमचा न्हावी दामू त्यांच्या दाढीला साबण लावायला लागला की ते विचारत, "दामू, ह्यात काय काय असतं?" दामूनं एक युक्ती काढली होती. तो पहिला फेस काकांच्या ओठांवरच थापायचा.

चौकोनांची पद्धत त्यांची स्वतःची. प्रत्येक क्रीमला दोन चौकोन. एक कोपराजवळ, बाहीखाली झाकलेला. दुसरा मनगटाजवळ, उघडा. रविवार सोडून रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी आणि सुट्टीच्या दिवशी भर अकराला ते अंगणात एका खुर्चीवर बसत आणि दुसऱ्या खुर्चीवर हात ठेवत. हाताला पाहुण्यासारखी खुर्ची. जाणारेयेणारे विचारत, "काय टिपणीस, हात वाळत घातलाय?" ते म्हणत, "हो. तुमच्याच बायकोच्या क्रीमसाठी."

त्यांना हे वेड लागलं लढाईच्या काळात. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या दवाखान्यात ते होते. गोरे सोल्जर उन्हात तासभर उभे राहिले की उकडलेल्या कोळंबीसारखे लाल व्हायचे. त्यांच्यासाठी तांबड्या मलमाचे डबे यायचे. "डांबरच ते," काका सांगत, "लावलेला माणूस विटेसारखा दिसायचा. पण ऊन अडायचं. मी साहेबाला विचारलं, ह्यात काय आहे? साहेब म्हणाला, तुला काय करायचंय? त्या दिवसापासून मी विचारतोय."

एकदा मी त्यांना गप्प केलं होतं. ते चौकोन आखताना पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करत. मी सहज म्हटलं, "काका, ह्या जांभळ्या शाईचं नाव काय, गाव काय?"

पेन्सिल तशीच हवेत राहिली. त्यांनी जीभ बाहेर काढली, आरशात पाहिली. जांभळी. किती वर्षं ते ती चाखत होते कोण जाणे. त्यांनी उठून सात-आठ चुळा भरल्या. दुसऱ्या दिवसापासून पेन्सिलीसाठी पाण्याची वाटी आली. आणि चाळीत ज्याला त्याला ते स्वतःच सांगत सुटले, "कुसुमनं माझी चूक काढली. आठ वर्षं मी गाढवासारखा विष चाटत होतो." दुसरा कोणी असता तर वाटी गुपचूप ठेवली असती.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा प्रकार माझ्या तोंडावरच घडला.

त्या फेब्रुवारीत ठाण्याचं एक स्थळ चालून आलं. मुलगा सरकारी कचेरीत, घरचे बरे. महिन्याभरानं बघायला येणार होते. आईनं मला उजेडात उभं केलं, हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं आणि म्हणाली, "बांधांवरनं चालून चालून पार करपलीस गं." दुसऱ्या दिवशी ती शीतप्रभा क्रीम घेऊन आली. नवीनच निघालं होतं. डबीवर छत्री बाजूला टाकून उन्हात हसणारी बाई, आणि खाली, 'उन्हात फिरा, उजळ राहा.' लावलं की ऊन बाधत नाही आणि आधीचा काळेपणाही जातो, असं आईला दवाखान्याच्या खिडकीतच सांगितलं होतं. सांगणारे अर्थातच काका नव्हते. काकांच्या डॉक्टरांनी कल्याण-डोंबिवलीची त्या क्रीमची एजन्सी घेतली होती, आणि काका जेवायला गेले की डॉक्टर स्वतः खिडकीत उभे राहत.

मी ते लावलं. खोटं कशाला सांगू, मला आवडलं. आठवड्याभरात चेहरा उजळला. शाळेतल्या बाई विचारू लागल्या. मी जाता-येता आरशात डोकावू लागले. बावीस वर्षांत कोणी मला गोरी म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकायला किती गोड लागतं हे तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

काकांनी भिंतीपलीकडून वास ओळखला. "वहिनी," ते दारात येऊन म्हणाले, "नखाएवढं मला द्या."

"तुम्हाला कशाला उजळायचंय, भावजी?"

"मला नाही. चौदा नंबरला."

चौदा अ झाकलेला, चौदा ब उघडा. काकांनी कंपनीलाही पत्र टाकलं. ते पत्र मला वाचून दाखवलं होतं: 'महाशय, आपल्या क्रीममध्ये काय आहे ते कळवावे. मी ते माझ्या हाताला लावले आहे आणि शेजारच्या मुलीने तोंडाला. आम्हा दोघांना जाणून घेण्याची इच्छा आहे.' उत्तर आलं. आत काय आहे हे धंद्याचं गुपित आहे, आणि सोबत एक कॅलेंडर पाठवत आहोत. काकांनी कॅलेंडर परत पाठवलं. 'कॅलेंडरबद्दल आभारी आहे. तारीख मला माहीत आहे. क्रीममध्ये काय आहे ते माहीत नाही.'

पाचव्या दिवशी ते पुन्हा दारात उभे राहिले. ह्या वेळी नुसता हात पुढे केला. चौदा अ बरा होता, थोडा पांढुरका. चौदा ब मध्ये लाल चट्टा होता आणि त्याच्या कडा काळपट होत चालल्या होत्या.

"वहिनी, सावलीत हे उजळवतं. उन्हात भाजतं. कुसुम सावलीत राहत असती तर मी काही बोललो नसतो."

"भावजी, तुमची कातडी जुनी झालीय," आई म्हणाली. "पोरीचं कोवळं आहे. बघा कशी दिसतेय."

"ह्यात पारा असावा असं मला वाटतं," काका म्हणाले. "वाटतं म्हणजे आहे असं नाही. मला कळायला मार्ग नाही. पण ज्यांना कळतं ते सांगत नाहीत, म्हणून मला जास्त वाटतं."

मी आतल्या खोलीत उभी राहून ऐकत होते. तेव्हाच माझ्या डोळ्यांखाली खाज सुटली होती. मी ती आईला सांगितली नव्हती. काकांनाही सांगितली नाही. रात्री परत क्रीम लावलं. स्थळ यायला सतरा दिवस होते आणि मला अजून थोडं उजळायचं होतं.

दोन दिवसांनी शाळेत खेळांच्या शर्यती होत्या. मी दुपारभर मैदानावर शिट्टी घेऊन उभी. संध्याकाळी तोंडाची आग होऊ लागली. सकाळी उठले तर गाल सुजलेले, आणि दोन दिवसांनी सूज उतरली तेव्हा दोन्ही गालांवर गडद, ओबडधोबड डाग राहिले, कुणीतरी काजळाचा हात पुसल्यासारखे. आईनं पदर तोंडाला लावला.

काका आले. मला वाटलं, आता ऐकवतील. कातडी खाते, मी सांगितलं होतं, चौदा ब. पण त्यांनी गार पाण्याच्या घड्या ठेवायला लावल्या, गुलाबी कॅलॅमिन लावलं, उन्हात जायचं नाही म्हणाले.

"जाईल का हो हे?" आईनं विचारलं.

काकांनी माझे गाल उजेडाकडे वळवून पाहिले. "मला माहीत नाही, वहिनी. जाईल म्हणालो तर तुम्हाला आज बरं वाटेल. पण मला माहीत नाही."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला. पुढे आयुष्यात पुष्कळ लोकांनी मला पुष्कळ गोष्टींची खात्री दिली. तो राग केव्हाच उतरला.

दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात गेले आणि खिडकीतल्या शीतप्रभाच्या सगळ्या डब्या खाली उतरवून प्रत्येक डबीवर चिठ्ठी चिकटवली. डोसांच्या पट्ट्या कापायचा तोच कागद, तीच खळ, आणि वळणदार अक्षर: 'ह्यात काय आहे ते मला माहीत नाही. विकणाऱ्यालाही माहीत नाही. – वि. ग. टिपणीस, कंपाउंडर.' वर प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सूचना: कोपराच्या आतल्या बाजूला लावा, सात दिवस थांबा, रोज तासभर ऊन दाखवा, मग काय ते ठरवा. सात दिवस थांबायची तयारी असलेली बाई क्रीम घ्यायला येतच नाही. आठवडाभर एकही डबी गेली नाही.

डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. हे काकांनी मला जसं सांगितलं तसं सांगते.

"टिपणीस, डॉक्टर तुम्ही आहात की मी?"

"तुम्ही. म्हणून तुम्हाला विचारतो. ह्यात काय आहे?"

"मोठ्या कंपनीचं आहे. त्यांच्या शास्त्रज्ञांनी तपासलंय."

"मग त्यांचा हात दाखवा."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चिठ्ठ्या काढायला सांगितल्या, काका नाही म्हणाले. परत सांगितलं, परत नाही म्हणाले. "चिठ्ठीत एक शब्द खोटा असेल तर काढतो," एवढंच त्यांचं म्हणणं. संध्याकाळी सात वर्षांची नोकरी सुटली. काका घरी आले ते हातात स्वतःचा खल आणि बत्ता घेऊन. तेवढीच वस्तू दवाखान्यात त्यांच्या मालकीची होती.

आता ते पडतं घेतील असं चाळीला वाटलं. शनिवारी आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं, शाळेच्या हॉलमध्ये. शीतप्रभाचा एजंट त्यात येऊन बायकांना क्रीम दाखवणार आणि नमुन्याच्या छोट्या डब्या वाटणार, असं ठरलं होतं. हळदीकुंकवाला पुरुषाचं काय काम? काका गेले. इस्त्रीचा सदरा घालून, डावी बाही वर करून, थेट पहिल्या रांगेत जाऊन बसले. दोन्ही बाजूंच्या बायका उठून मागे गेल्या.

एजंट तरुण होता, केस चापून बसवलेले, बोलणं लोण्यासारखं. त्यानं क्रीमचे गुण सांगितले. काकांनी हात वर केला, चौकोनांचा.

"ह्याचं नाव काय, गाव काय?"

"शीतप्रभा, साहेब. वरच लिहिलंय."

"ते बारशाचं नाव. आत काय आहे?"

"उत्तमोत्तम द्रव्यं आहेत, साहेब. अपाय अजिबात नाही."

"छान. तुम्ही लावता?"

"मला गरज नाही, साहेब," एजंट हसला. बायकाही हसल्या.

"गरज नसू दे. आत्ता लावा. बाहेर अंगणात दोन खुर्च्या आहेत. साडेअकरा वाजलेत. मीही लावतो, दोघं तासभर बसू. मग ह्या सगळ्या जणींना खात्रीनं सांगता येईल. असंच पाच दिवस. मी रोज डोंबिवलीतच आहे."

एजंटनं रुमाल काढून कपाळ पुसलं. त्याला पुढच्या गावी जायचं होतं. मंडळाच्या अध्यक्षबाई उठल्या आणि म्हणाल्या, "टिपणीस, हा बायकांचा कार्यक्रम आहे. तुमच्या हाताचं प्रदर्शन पुरे झालं. नोकरी गेली म्हणून असा सूड घेऊ नका."

हॉलमध्ये कुजबूज झाली. काका उठून उभे राहिले होते. 'सूड' हा शब्द त्यांना अपेक्षित नव्हता. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पहिल्यांदाच मला तो हात म्हाताऱ्या माणसाचा वाटला.

मी मागच्या रांगेत बसले होते, पदर नाकापर्यंत ओढून. आईनं बजावलं होतं, घरी थांब म्हणून. मी ऐकलं नव्हतं. स्थळ मंगळवारी येणार होतं. ठाण्याच्या त्या मंडळींची एक नातेवाईक ह्याच मंडळात होती आणि ती माझ्यापुढे दोन रांगांवर बसली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी उठले, पुढे गेले आणि पदर खाली सोडला.

"ही डबी मी वापरली," मी म्हटलं. आवाज वर्गात शिकवते तसाच आला, त्याचं मला नवल वाटलं. "पंधरा दिवस. पहिल्या आठवड्यात मी छान दिसत होते. तुमच्यापैकी चार जणींनी मला तसं सांगितलंही. आता जवळ येऊन बघा. काकांचा सूड असेल तर त्यांचा. माझा तर चेहरा आहे."

कोणी जवळ आलं नाही. पण बसल्या जागेवरून सगळ्यांना दिसलं. एजंटनं डब्यांची पेटी बंद केली. दोन-तीन जणी, ज्यांनी आधीच नमुना घेतला होता, त्यांनी तो हळूच टेबलावर परत ठेवला. अध्यक्षबाई खोबऱ्याच्या वड्या वाटायला लागल्या.

बाहेर पडताना काका एवढंच म्हणाले, "अगं, मंगळवार."

"येऊ देत," मी म्हटलं.

मंगळवारी ते आले. आईनं पावडरचा डबा माझ्यापुढे ठेवला, मी तो बाजूला सारला. मुलाच्या आईनं पोहे खाल्ले आणि विचारलं, "हे डाग जातील ना?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. ते पत्र पाठवतो म्हणाले. पत्र आलं नाही. आई चार दिवस माझ्याशी आणि महिनाभर काकांशी बोलली नाही. भिंतीपलीकडून शिंक आली तरी गप्प.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर काकांवर अन्याय होईल. त्याच सुमारास दुसरं एक उन्हाचं क्रीम निघालं. सगळ्यांना वाटलं, आता काका त्यालाही झोडपणार. दामूनं तर पैज लावली. काकांनी ते सोळा अ आणि सोळा ब वर तीन आठवडे लावलं. काही झालं नाही. ते स्वतः घरोघर जाऊन सांगून आले, "मला काही झालं नाही. तुम्हाला काय होईल ते तुमची कातडी सांगेल. पण मला काही झालं नाही, हे खरं आहे." ज्यांना त्यांची लढाई आवडू लागली होती ते ह्यामुळे नाराज झाले. एक जण म्हणाला, टिपणीस फितूर झाला. काका म्हणाले, "मी क्रीमच्या विरुद्ध कधी होतो? न सांगण्याच्या विरुद्ध आहे."

त्यांना ठाण्याला एका औषधाच्या दुकानात काम मिळालं. मी शाळेत जात होते, छत्री घेऊन. लोक बघायचे, बघू देत. पण रविवार कठीण जायचा. दिवसभर घरात, समोर उसासे टाकणारी आई. अशाच एका एप्रिलच्या रविवारी काका सकाळी पिशवी घेऊन निघालेले दिसले. ते दर रविवारी कुठेतरी जात, एवढंच चाळीला माहीत होतं.

"मी येऊ?" मी विचारलं.

"चालायला फार आहे. ऊन आहे."

"छत्री आहे."

ठाण्याला उतरून आम्ही खाडीकडे चालत गेलो. खाडीकाठी मिठागरं. मी ती लांबून पाहिली होती, जवळून कधी नाही. चिखलाचे बांध घालून केलेले वाफे, त्यात खारं पाणी, आणि पलीकडे मिठाच्या शुभ्र राशी. ऊन वरून पडे आणि खालून मिठावरून परत तोंडावर येई. छत्रीचा काही उपयोग नव्हता. आगरी बायका गुडघ्याएवढं लुगडं खोचून फळीनं मीठ ओढत होत्या.

काकांना पाहून चार-पाच जणी आल्या. पिशवीतून पत्र्याच्या चपट्या डब्या निघाल्या. जस्ताचं मलम, काकांनी स्वतः खलात घोटलेलं. "जस्त," त्यांनी मला सांगितलं. "आत काय आहे ते सगळं मला माहीत आहे. पांढरंफटक दिसतं, पण लपवत काही नाही." बायकांनी रिकाम्या डब्या दिल्या, भरलेल्या घेतल्या. दोघींनी तिथल्या तिथे नाकाला आणि गालांना पांढरे पट्टे ओढले आणि एकमेकींकडे पाहून खुसुखुसु हसल्या.

मग बायजामावशी म्हणून एक पोक्त बाई होती, तिनं काकांना तिच्या माडाच्या झापांच्या खोपीत नेलं. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण. काका जमिनीवर मांडी घालून जेवले. दोन वेळा मागून घेतलं. मी त्यांना असं जेवताना कधी पाहिलं नव्हतं. काकू गेल्यापासून अकरा वर्षं ते स्टोव्हवर खिचडी करत आणि पातेल्यातूनच खात, ते भिंतीपलीकडून चमच्याच्या आवाजावरून आम्हाला कळे. इथे बायजामावशी बोलत होती: कुणाच्या घरी बारसं झालं, कुणाची सून रुसून गेली. काका ऐकत होते. कातडीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी तिथेच हात उशाला घेतला आणि झोपले. घोरायला लागले.

मी बायजामावशीबरोबर भांडी घासायला बाहेर आले. खोपीच्या मागे एक बैल उभा होता. त्याच्या खांद्यावर, जू लागून झालेल्या जखमेवर, पांढरा लेप होता.

मी लेपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती हसली, पण लगेच आतल्या घोरण्याचा कानोसा घेऊन आवाज खाली आणला.

"कोनी लावतंय, कोनी नाय. घाम आयला का धुवून जातंय गो पोरी. बैलाला मात्र लय बरं परलं."

"पण डब्या तर रिकाम्या होत्या."

"आमी करतांव रिकाम्या." तिनं राखेनं ताट घासलं. "एक डबी उनालाभर पुरंल. सरली नाय तर ह्यो भाऊस पुढल्या आयतवारी कशाला येल? आनि नाय आयला तर जेवंल कुठं?"

मी ताट धुऊन पालथं घातलं.

परत येताना काका खुशीत होते. ठाण्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "किती डब्या रिकाम्या झाल्या गं? तू मोजल्यास का?"

"सगळ्या," मी म्हटलं.

"सगळ्या?" ते थांबले. "म्हणजे पुढच्या खेपेला जास्त घोटायला हवं. जस्ताची पूड आहे घरी. आजच बसतो."

घरी पोचलो तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता. मी तोंड धुतलं, आईला चहा करून दिला. पलीकडून खलाचा आवाज सुरू झाला. घरर्, घरर्, मध्येच थांबे, कारण त्यांचा खांदा दुखत असे. मग पुन्हा सुरू होई.

आईनं कपावरून माझ्याकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदाच ती त्यांच्याबद्दल बोलली. "एवढं कुणासाठी घोटतात गं ते?"

"वापरणारे आहेत," मी म्हटलं.

मी पदर खोचला आणि चौथ्या खोलीत गेले. काका खल दोन्ही पायांत धरून बसले होते, कपाळावर घाम.

"सरका, काका," मी म्हटलं. "मी घोटते."